अठरा पूर्ण झाल्यावर

काकूचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत मीटिंगमध्ये होतो. ती एरवी मिस्ड कॉल देऊन ठेवते. या वेळी रिंग थांबेचना, म्हणून बाहेर येऊन उचलला.

"आरं, त्याला डेअरीवरनं काढलं."

'तो' म्हणजे माझा चुलतभाऊ. वय वीस. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण लिहू का असं विचारल्यावर तो "नको" म्हणाला, आणि त्याच्या "नको"चा अर्थ "नको" एवढाच असतो. आमचं गाव लोणी भापकर. बारामती म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ऊस आणि कालवे येत असतील, पण ती नीरेच्या कालव्याखालची बारामती. आमची मोरगावच्या बाजूची, जिरायत. पाऊस झाला तर बाजरी-ज्वारी, नाही झाला तर टँकर. दाखवण्यासारखं म्हणजे मल्लिकार्जुनाचं जुनं मंदिर, तिथली पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती. लहानपणी आम्ही पोरं पुष्करणीपाशी खेळायचो. हा मात्र पायऱ्या मोजायचा. खाली जाताना एकदा, वर येताना एकदा. आकडा जुळला की हसायचा.

सतराव्या वर्षी पुण्यात तपासणी झाली आणि त्याच्या वागण्याला नाव मिळालं: ऑटिझम, मराठीत स्वमग्नता. तोवर गावात त्याला बरीच नावं होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत तो आठवीपर्यंत पुढे सरकत गेला, मग घरी बसला. एकोणिसाव्या वर्षी काकांनी ओळखीने त्याला गावाकडच्या एका दूध संकलन केंद्रावर चिकटवला. नमुन्याच्या बाटल्या क्रमाने लावायच्या, मशीनवर फॅट आणि एसएनएफचे आकडे आले की वहीत लिहायचे. हे काम त्याच्यासाठीच जन्माला आलं होतं म्हणा ना. पहाटे सहाच्या आधी पाच मिनिटं तो हजर. वहीत खाडाखोड नाही. अडचण एकच झाली. तो आकडे मोठ्याने वाचायचा, आणि एका सकाळी एका वजनदार माणसाच्या दुधाचा आकडा वाचून झाल्यावर पुढे म्हणाला, "पाणी हाय."

दुधात पाणी होतंच. पण काढलं याला.

त्या रात्री मी इंजिनीअर जे करतो ते केलं. लॅपटॉप उघडला आणि प्रश्न टाकला: ऑटिझम, प्रौढ, नोकरी, ग्रामीण महाराष्ट्र. जे सापडलं त्यातलं बहुतेक सगळं मुलांबद्दल होतं. लहान मुलांची लक्षणं, लहान मुलांच्या थेरपी, निळ्या रंगाचे फुगे. अठराव्या वर्षी ही मुलं हवेत विरून जातात की काय असं वाटावं. मग मी मागे मागे वाचत गेलो. हा लेख त्या वाचनातून आला आहे. मी इतिहासकार नाही, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरात आणला, पण तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो त्याचं पहिलं ठसठशीत वर्णन १९४३ साली आलं. अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर नावाचे बालमनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी अकरा मुलांवर एक निबंध लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. आणि त्यातला पहिला, 'डोनाल्ड टी.'

हा डोनाल्ड ट्रिप्लेट मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा, जन्म १९३३. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं. वर्षभराने आईवडिलांनी त्याला, पुन्हा डॉक्टरांचा सल्ला झुगारून, घरी आणलं. वडील वकील. त्यांनी कॅनरना मुलाबद्दल तेहतीस टंकलिखित पानांचं पत्र पाठवलं. ऑटिझमच्या इतिहासाची सुरुवात खरं तर या बापाच्या पत्रापासून मोजायला हवी, पण श्रेय डॉक्टरांना जातं. चालायचंच.

मला त्या निबंधापेक्षा त्याचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो, आणि तो कॅनरनी अठ्ठावीस वर्षांनी लिहिला. १९७१ मध्ये त्यांनी ती अकरा मुलं मोठी झाल्यावर कुठे आहेत याचा शोध घेतला. काहींचा पत्ता लागला नाही. जी सरकारी मनोरुग्णालयांत गेली होती ती तिथेच विझली होती. तिथे दाखल होणं म्हणजे जन्मठेपच, अशा अर्थाचं कॅनर लिहितात. आणि डोनाल्ड? तो बँकेत नोकरी करत होता, गोल्फ खेळत होता, गाडी चालवत होता.

मधल्या काळात काय झालं होतं? नऊ-दहा वर्षांचा असताना आईवडिलांनी डोनाल्डला गावापासून साधारण दहा मैलांवर एका शेतकरी नवराबायकोकडे राहायला ठेवलं. कॅनर १९४५ मध्ये स्वतः तिथे गेले आणि थक्क झाले. पोराला मोजण्याचं वेड होतं, तर त्या शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मोजून सांगायला सांगितलं. पोरगं मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचं, तर त्याला एक कोपरा नेमून दिला: इथे पूर. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायची सवय होती, तर सांगितलं, नांगर धर आणि नांगरता नांगरता मोज. कॅनरनी पाहिलं तेव्हा तो घोडा आणि नांगर घेऊन लांबच लांब तास सरळ काढत होता.

त्या शेतकऱ्याने कुठलंही पुस्तक वाचलेलं नव्हतं. वाचायला तेव्हा होतं तरी काय! त्याला वावरात मदत हवी होती आणि समोर एक मोजणारा पोरगा होता.

पुढे डोनाल्ड कॉलेजला गेला, १९५८ मध्ये पदवीधर झाला आणि गावच्या बँकेत लागला. बँकेत त्याच्या घराण्याचा हिस्सा होता हे विसरू नका. पैसा होता, गोरी कातडी होती, गावात वजन होतं. म्हणजे "गावाने सांभाळलं" या वाक्याच्या पोटात "गावातल्या मोठ्या घरचा होता" हेही वाक्य आहे. तो २०२३ च्या जूनमध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला.

हे वाचताना मला सतत आजीने सांगितलेला एक माणूस आठवत होता.

आजीचा एक चुलत दीर होता. बोलायचा कमी, बोलला तर ऐकलेलंच वाक्य परत म्हणायचा. त्याला गुरं राखायला दिली होती. खुराच्या ठशावरून गाय कुणाची ते सांगायचा. १९७२ चा दुष्काळ पडला, दावणी रिकाम्या झाल्या, गुराख्याचं काम संपलं. मग तोही बाकीच्यांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. सगळ्या गावासारखा मिलो आणि सुकडी खाऊन. आजी म्हणते, त्याचे खडीचे ढीग असे सारखे असायचे की मुकादम त्याचा ढीग न मोजताच लिहायचा. त्याला आज मी ऑटिस्टिक म्हणणार नाही. मेलेल्या माणसाचं निदान करण्याचा छंद इंटरनेटवर बोकाळला आहे, आईनस्टाईनपासून सगळ्यांना लेबल लावून झालं आहे. मला एवढंच दिसतं की त्या माणसाला दोन कामं जमली आणि दोन्ही वेळा कुणीतरी त्याच्या सवयीला काम जोडून दिलं.

आजीला मी हे मोठ्या कौतुकाने बोलून दाखवलं. तिने पान लावता लावता माझ्याकडे पाहिलं. "आन जत्रंच्या दिवशी त्याला खांबाला बांधून ठिवायचे, ते कोण लिहिणार?"

ढोलाच्या आवाजाने तो पळत सुटायचा, म्हणून पायात साखळी. त्याचं लग्न झालं नाही, सातबाऱ्यावर नाव लागलं नाही, मजुरी भावाच्या हातात जायची. 'पूर्वी खेड्यात सगळ्यांना सामावून घ्यायचे' असे व्हॉट्सॲप फॉरवर्ड येतात तेव्हा मला तो खांब आठवतो. सामावून घ्यायचे, हे खरं. कुठल्या अटीवर, तेही खरं.

अशा माणसांची नोंद कुठे असते? सरकारी कागदात शोधलं तर गंमत आहे. इंग्रजांच्या १८८१ च्या जनगणनेत व्यंगांचे रकाने होते: वेडसर, जन्मापासून मूकबधिर, दोन्ही डोळ्यांनी अंध, कुष्ठरोगी. आजीच्या दिरासारखा माणूस त्या काळी असता तर पहिल्या रकान्यात गेला असता, किंवा घरच्यांनी लपवला असता तर कशातच नाही. हे रकाने १९३१ पर्यंत चालले, मग बंद पडले. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार विचारले गेले. त्यात ऑटिझम नाही. प्रगणक आमच्या घरी आला तेव्हा हा सहा-सात वर्षांचा असणार. काय लिहिलं कुणास ठाऊक.

संस्थांचा इतिहास वेगळा आहे, आणि तो बहुतेक आईबापांनी घडवला आहे. कॅनरचा निबंध येऊन वर्ष होत होतं, तेव्हा १९४४ मध्ये मुंबईत जेरबानू आणि होरमसजी वकील या पारशी दांपत्याने आपल्या डीना या मुलीसाठी शाळा सुरू केली. डीनाला डाऊन सिंड्रोम होता आणि तिला घेईल अशी शाळा नव्हती. तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशींनी कामायनी सुरू केली. १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ या ऑटिस्टिक मुलाच्या आईने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' उभं केलं, आणि या शब्दाला आपल्याकडे स्वतःचा पत्ता मिळाला.

या संस्थांकडे एकामागून एक पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. संस्था मुलांच्या वयाने वाढतात. मूल सहा वर्षांचं झालं की शाळा लागते, म्हणून शाळा निघते. तेच मूल अठराचं झालं की शाळा संपते, म्हणून शाळेला कार्यशाळा जोडली जाते: पाकिटं, पणत्या, राख्या, उटणं. आईबाप साठीला येतात तेव्हा वसतिगृहाचा विचार सुरू होतो. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी बांधलेलं छप्पर दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतं, पण बांधणारा आपल्या पोराच्या वयामागे धावत असतो. आणि हे धावणं परवडणारी घरं मुंबई-पुण्याला आहेत. आमच्याकडे काका पहाटे चारला उठून रानात जातात. ते ट्रस्ट कधी स्थापन करणार?

मग कायद्याकडे वळलो. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा: सात प्रकार, ऑटिझम त्यात नाहीच. आणि मतिमंदत्व यादीत होतं तरी नोकरीतल्या तीन टक्के आरक्षणात त्याला जागा नव्हती. ती जागा अंध, कर्णबधिर आणि शारीरिक अपंगत्व असलेल्यांना. म्हणजे यादीत नाव, पंगतीत पान नाही. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा आला, त्यात ऑटिझम पहिल्यांदा नावानिशी आला, पण तो कायदा मुख्यतः सांभाळण्याचा. अठरानंतर पालक कोण, हे ठरवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती. काम, पगार, नोकरी या गोष्टी येईपर्यंत २०१६ उजाडलं. त्या वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार सातावरून एकवीसवर नेले, सरकारी नोकरीतलं आरक्षण चार टक्के केलं आणि त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून दिला. एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. कॅनरच्या निबंधानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी. त्याच कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, वय सहा ते अठरा. पुन्हा अठरा.

प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात चाळीस प्रश्न आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या वर गेलात तर ऑटिझम. काकू आणि मी तपासणीला गेलो तेव्हा याने डॉक्टरांच्या टेबलावरचा कागद उलटा वाचून स्वतःची बेरीज त्यांच्या आधी केली. डॉक्टर हसले. काकू रडली. मला दोन्ही कळलं.

आता माझ्या धंद्याकडे येतो, कारण या विषयावर सर्वात जास्त टाळ्या आयटीने घेतल्या आहेत. डेन्मार्कमध्ये थोरकिल सोन्ने नावाच्या टेलिकॉम कंपनीतल्या अधिकाऱ्याच्या मुलाला ऑटिझमचं निदान झालं. त्यांनी नोकरी सोडून २००४ मध्ये 'स्पेशलिस्टर्न' कंपनी काढली. कर्मचारी बहुसंख्य ऑटिस्टिक, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" नाही. लेगोचे रोबो बनवायला द्यायचे आणि माणूस कसा काम करतो ते पाहायचं. 'सॅप' या जर्मन कंपनीने त्यांच्याबरोबर पहिला प्रयोग केला तो आपल्या बेंगळुरूत, आणि २०१३ मध्ये जाहीर केलं की २०२० पर्यंत एक टक्का कर्मचारी ऑटिस्टिक असतील.

टेस्टिंग मी रोज पाहतो, त्यामुळे सांगतो, कल्पना खोटी नाही. चुकीचं आहे ते चुकीचं म्हणणारा, दहाव्यांदा तीच स्टेप न कंटाळता करणारा माणूस टीममध्ये असणं म्हणजे सोनं. पण ही गोष्ट फिरता फिरता 'सगळे ऑटिस्टिक कोडिंगमध्ये हुशार' अशी झाली आणि ते साफ खोटं आहे. माझ्या भावाला कॉम्प्युटर आवडत नाही. फॅनचा आवाज त्याला टोचतो. मी हौसेने त्याच्यासाठी दुधाच्या नोंदींचं छोटं ॲप बनवलं होतं. त्याने दोन मिनिटं पाहिलं, फोन मला परत दिला आणि वही काढली.

ऑफिसातही विचारून पाहिलं होतं. आमच्याकडे समान संधी धोरण आहे, वेबसाइटवर पीडीएफ आहे. कायद्याने ते असावंच लागतं. एचआरमधल्या ताईंनी आस्थेने ऐकलं आणि विचारलं, "कम्युनिकेशन कसं आहे त्याचं?" मी म्हणालो, अगदी स्पष्ट आहे. तीच तर अडचण आहे.

मला जास्त जवळचं वाटलं ते जुहूचं कॅफे अर्पण. मुंबईच्या यश चॅरिटेबल ट्रस्टने आधी डबे पुरवायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये कॅफे उघडलं. तिथे ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ लोक काम करतात. एकेका कामाचे तुकडे करायचे, ज्याला जो तुकडा जमतो त्याला तो द्यायचा, आणि महिन्याला पगार द्यायचा. दिवाळीत आपल्या ऑफिसात पणत्यांचा स्टॉल लागतो, आपण दोन पणत्या घेतो, त्या पणत्यांना आपण दयेची किंमत लावतो. सँडविच आवडलं नाही तर मात्र गिऱ्हाईक परत येत नाही. हा फरक मला मोठा वाटतो.

पण लोणीत कॅफे कुठून आणणार? इथे हाताशी असलेला इतिहास वेगळा आहे. १९७२ च्या त्या खडीच्या ढिगांतून पुढे महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, १९७७ मध्ये. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. गावातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर ते देणं सरकारवर बंधनकारक. काम मागणाऱ्याचं कम्युनिकेशन कसं आहे, असा प्रश्न त्यात नव्हता. पुढे केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी कायदा केला, आणि त्याच्या सूचनांत दिव्यांग मजुरांना झेपतील अशी कामंही सांगितली: मजुरांना पाणी देणं, रोपांची निगा, पोरं सांभाळणं. मी हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, "पाणी दील की. पर ग्लास मोजून दील."

मग दोघंही हसलो, आणि हसता हसता काकांनाच सुचलं.

डेअरीतला भांडणाचा मुद्दा आकडा नव्हता, आकडा सगळ्यांसमोर उच्चारणं होतं. काका संचालकांकडे गेले. मी सोबत गेलो, पण तोंड बंद ठेवायच्या अटीवर. काकांनी पोराची दया करा असं म्हटलं नाही. म्हणाले, गेल्या तीन आठवड्यांत तुमच्या वहीत किती खाडाखोड झाली ते बघा. वही आली. खाडाखोड होती. शेवटी ठरलं की हा पहाटेच्या पाळीला येईल, बाटल्यांवर नावाऐवजी नंबर असतील, आणि कुणाचा नंबर कोणता ते याला ठाऊक नसेल. तो आकडे कितीही मोठ्याने वाचेना. "सत्तेचाळीस, पाणी हाय" असं ऐकून आता फक्त एका माणसाचे कान लाल होतात.

(नंबर कुणाचे ते त्याला पंधरा दिवसांत कळलंच. कॅनच्या आवाजावरून. पण तो सांगत नाही. "नाव विचारलं तर सांगायचं," असं त्याला म्हटलं होतं, आणि अजून कुणी विचारलेलं नाही.)

राहिला पगार. आधी तो काकांच्या हातात मिळायचा, तोही चहापाणी म्हणून. आजीचा खांब माझ्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून खातं उघडायला त्याला बारामतीला घेऊन गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी प्रमाणपत्र पाहिलं आणि पालक कोण, सही कोण करणार, असं मला विचारलं. त्याला नाही. मी तयारी करून गेलो होतो, न्यासाचा कायदा, स्थानिक समिती, प्रत्येक स्वमग्न प्रौढाला पालक लागतोच असं नाही, सगळं पाठ होतं. मी सुरुवात करणार तेवढ्यात त्याने पेन घेतलं आणि फॉर्मवर सही करायला लागला. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ. मागे रांग वाढत होती. साहेब बघत राहिले. मीही पाठ केलेलं सगळं गिळून बघत राहिलो. दुसऱ्या चकरेत काम झालं.

दोन महिन्यांनी पासबुक भरून घेतलं आणि आम्ही मोरगावच्या एसटीत बसलो. त्याला खिडकी लागते. बसल्यावर त्याने पासबुक उघडलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि शिल्लक मोठ्याने वाचली. पुढच्या सीटवरच्या मावशींनी मागे वळून पाहिलं.

"किती रं?" त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा वाचली, पैशांसकट.